दात बघायचेच तर

बैलबाजारात जनावराचा ओठ खाली ओढून दात बघतात, त्याला कारण असतं. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. जे काही वाचायचं ते खालच्या आठांवर. दुधाचे दात आहेत तोवर तो आदत. दोन-अडीच वर्षांचा झाला की मधली जोडी पडून पक्के दोन येतात, तो दुसा. मग चौसा, मग सहा दाती, आणि आठही आले की ‘जुळला’ म्हणायचं. तिथून पुढे झीज बघून वय ताडायचं. बघणाऱ्याला काय शोधायचंय ते ठाऊक असतं, आणि दात ते खरंखुरं सांगतात.

कांदेपोह्यांच्या बैठकीत आणि हल्ली कॅफेतल्या पहिल्या भेटीत दात तितक्याच बारकाईने बघितले जातात. फक्त वाचता येत नाहीत. ‘मुलगा चांगला आहे, पण दात पिवळे आहेत’, ‘मुलगी छान आहे, पण हसली की दात दिसतात’ (हसल्यावर दात दिसायचे नाहीत तर काय दिसायचं?), ‘फोटोत एकदाही तोंड उघडून हसलेली नाही, काहीतरी असणार’. या तीनही वाक्यांतून समोरच्या माणसाबद्दल फारसं काही कळत नाही. उलट ज्या दोन-तीन गोष्टींवर खरंच थबकावं, त्या फोटोत येत नाहीत आणि बैठकीत कुणी विचारत नाही.

एखाद्याचे दात आवडले नाहीत म्हणून पुढे जावंसं वाटलं नाही, तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आवड ही आवड असते. पण नकाराला ‘स्वच्छता नाही’, ‘व्यसनी दिसतो’, ‘पुढे मुलांनाही तसंच होईल’ अशी कारणं जोडली जातात तेव्हा ती तपासायला हवीत, कारण त्यातली बरीचशी चुकीची असतात.

आधी रंग. दात पांढरे असतात हा समज टूथपेस्टच्या जाहिरातींनी पक्का केला. वरचं कवच, म्हणजे एनॅमल, अर्धपारदर्शक असतं. त्याखालचं डेंटिन पिवळसर असतं आणि ते वरून दिसतं. एनॅमल दाताच्या टोकाशी जाड असतं, हिरडीजवळ पातळ होत जातं. म्हणून निरोगी दातसुद्धा हिरडीकडे जास्त पिवळा दिसतो. सुळे शेजारच्या दातांपेक्षा सहसा गडद असतात. वय वाढतं तसं एनॅमल झिजतं आणि पिवळेपणा वाढतो. पस्तिशीतल्या माणसाचे दात विशीतल्यासारखे दिसत नाहीत यात त्याचा काही दोष नाही. दवाखान्यात रंग ठरवायला १९५६ पासून चालत आलेली एक पट्टी वापरतात, ए १ ते डी ४ अशा सोळा छटांची. बहुतेकांचे दात त्यात ए २, ए ३ च्या आसपास बसतात. इन्स्टाग्रामवरचा न्हाणीघराच्या टाइलसारखा पांढरा रंग त्या सोळांत नाहीच. ब्लीचच्या छटा नंतर वेगळ्या काढाव्या लागल्या. हिरड्यांचंही तसंच. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या जन्मतःच तपकिरी-काळसर असतात, त्वचेत असतं तेच मेलॅनिन तिथेही असतं. सिगारेटने हा काळेपणा वाढतो हे खरं, पण काळी हिरडी दिसली म्हणजे सिगारेट ओढतोच असं नाही.

डागांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे महाराष्ट्राचा भूगोल मध्ये येतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत गेलात तर एकाच वयोगटातल्या कितीतरी जणांच्या पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे दिसतील. हा फ्लोरोसिस. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअरवेल आल्या, खोल खडकातलं पाणी वर आलं आणि काही ठिकाणी त्याबरोबर फ्लोराइडही आलं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त पाणी मूल पहिल्या काही वर्षांत प्यायलं, तर जबड्यात घडत असलेल्या पक्क्या दातांचं एनॅमल सच्छिद्र होतं. वरच्या पुढच्या दातांसाठी पहिली तीन वर्षं सगळ्यांत नाजूक. दात उगवताना खडूसारखा पांढरट असतो. ती छिद्रं पुढे चहा, हळद, पाण्यातलं लोह शोषत जातात आणि पट्टा तपकिरी होतो. म्हणजे सातव्या-आठव्या वर्षी उगवलेल्या दातावर जे दिसतं ते दुसऱ्या वर्षी प्यायलेल्या पाण्याचं. त्या मुलाने नंतर दिवसातून दहा वेळा ब्रश केला असता तरी ते गेलं नसतं.

हे ओळखायला सोपं आहे. फ्लोरोसिसचे पट्टे डाव्या-उजव्या बाजूला सारखे असतात, कारण त्या जोडीचे दात एकाच वेळी घडत होते. तंबाखूचा, पानाचा डाग असा तोलून मापून येत नाही. तो दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला आणि आतल्या बाजूला जास्त साचतो, आणि खरवडला तर निघतो. फ्लोरोसिस खरवडून निघत नाही.

या डागाचा इतिहास मात्र गमतीचा आहे. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी दवाखाना थाटायला गेला, तर तिथल्या लोकांचे दात तपकिरी. कारण शोधण्यात त्याची तीस वर्षं गेली. मधल्या काळात त्याच्या लक्षात आलं, की या कुरूप दातांना कीड मात्र कमी लागते. १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीचा रसायनतज्ज्ञ चर्चिल याने पाण्यात फ्लोराइड शोधून काढलं, आणि पुढे टूथपेस्टमध्ये फ्लोराइड आलं ते या डागांच्या वाटेने. जो दात बघून स्थळ नाकारलं, तो कदाचित नाकारणाऱ्याच्या दातापेक्षा कमी किडका असेल. (फार तीव्र फ्लोरोसिसमध्ये एनॅमलचे टवके उडतात, तिथे हा हिशेब लागू नाही.)

उपाय आहेत. डाग वरवरचा असेल तर सौम्य आम्ल आणि प्युमिसची पूड घासून मिलिमीटरचा दहावा हिस्सा काढतात, मग ब्लीचने रंग एकसारखा करतात. खोल असेल तर दातावर काँपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगचा थर, त्याहून खोल असेल तर व्हेनिअर, म्हणजे दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा. घरी लिंबू, खायचा सोडा किंवा कोळशाची पूड घासणं हा उपाय नव्हे. लिंबाने एनॅमल विरघळतं, पूड ते घासून नेते, आणि खालचं पिवळं डेंटिन आणखी वर येतं. दात पांढरे करायच्या नादात पिवळे करून घेणारे पुष्कळ आहेत.

राखाडी-निळसर पट्टे असतील तर बालपणी दिलेलं टेट्रासायक्लिन कारण असू शकतं. ते औषध कॅल्शियमला धरून दातातच बसतं. एकच पुढचा दात काळा पडला असेल तर लहानपणी क्रिकेटचा चेंडू किंवा सायकलचं हँडल. आतली नस मेली, रक्ताचा रंग दातात उतरला. रूट कॅनाल करून त्याच दाताला आतून ब्लीच करता येतं, दोन-चार खेपांत. एवढ्यासाठी माणसं पंधरा-वीस वर्षं तोंडावर हात धरून हसतात. समोरची व्यक्ती हसताना तोंड झाकते हे दिसलं तर त्याचा अर्थ इतकाच, की तिला कुणीतरी कधीतरी टोचून बोललेलं आहे.

आणि काळे दात कुरूप, हेही काही त्रिकालाबाधित नाही. आपल्याकडे दातवण लावून दात काळे करण्याची रीत होती आणि ती शोभेची होती. जपानात विवाहित स्त्रिया लोह आणि टॅनिनच्या मिश्रणाने दात काळे करत, शाई बनते त्याच रसायनाने. १८७० मध्ये तिथल्या सरकारने उमरावांना ते बंद करायला लावलं. त्याच जपानात पुढे आलेले सुळे गोड समजले जातात. आपल्याकडे त्याच सुळ्यांसाठी तारा लावतात.

तारांकडे येऊ. दात मागेपुढे असणं हा स्वच्छतेचा किंवा स्वभावाचा पुरावा नाही. जबड्यातली जागा आणि दातांची रुंदी जमली नाही, एवढंच. अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलते, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. अडचण एकच, की वेड्यावाकड्या दातांच्या फटी साफ करायला कष्ट जास्त पडतात. तारांनी दात सरकतो तो महिन्याला साधारण एक मिलिमीटर. दाब पडतो त्या बाजूचं हाड पेशी खातात आणि मागच्या बाजूला नवीन हाड भरतं. ही घाई करून होण्यासारखी गोष्ट नाही. जास्त जोर लावला तर दाताचं मूळच झिजतं. म्हणून उपचार दीड ते दोन वर्षं चालतो, आणि जागाच नसेल तर कधीकधी चार छोट्या दाढा काढाव्या लागतात.

आता लग्न ठरलंय मार्चमध्ये, आणि डिसेंबरात मुलीला घेऊन आई दवाखान्यात येते. ‘तीन महिन्यांत सरळ करून द्या.’ मुलगीच का, हाही प्रश्नच आहे. पुढे आलेल्या दातांसाठी मुलीला तारा लावतात आणि तिकडे मुलाच्या लालभडक दातांना ‘लग्नानंतर सोडेल’ म्हणून सोडून देतात. एक गोष्ट रचनेची आणि दुसरी व्यसनाची, पण बैठकीत काटा उलटा झुकतो.

तीन महिन्यांत सरळ करून देणारा कुणीतरी सापडतोच. तो दात सरकवत नाही, कापतो. धडधाकट दात चारही बाजूंनी एक-दीड मिलिमीटर तासायचे, बऱ्याचदा त्यांचं रूट कॅनाल करायचं आणि वर सरळ रेषेत कॅप बसवायच्या. फोटो उत्तम येतात. तासलेलं एनॅमल मात्र परत येत नाही. कॅप दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते. पंचविशीत केल्या तर साठीपर्यंत दोन-तीन वेळा, आणि दर खेपेला खाली शिल्लक दात कमी. कॅपची कड हिरडीत खोल गेली असेल तर भोवती लालसर-जांभळी सुजलेली रेघ दिसते, ब्रश लावला की रक्त. एखाद्याची दंतपंक्ती फारच एकसारखी दिसली तर ही रेघ बघावी. दाखवायचे दात वेगळे म्हणतात ते इथे अगदी शब्दशः.

मग वाचायचं काय?

पहिली गोष्ट, किटण. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू, इथे लाळग्रंथींची तोंडं उघडतात म्हणून किटण आधी तिथेच धरतं. दातावरचा मऊ थर निघाला नाही तर काही दिवसांत लाळेतल्या खनिजांनी दगड होतो, मग ब्रशने निघत नाही. थोडंफार किटण जवळजवळ सगळ्यांना असतं. जाड पिवळट-काळा थर आणि फुगलेली हिरडी दिसत असेल तर माणूस बराच काळ दवाखान्याकडे फिरकलेला नाही, इतकं निश्चित म्हणता येतं. त्यामागे आळस असेल, भीती असेल, पैसे नसतील. उपाय एका बैठकीचा, अर्ध्या-पाऊण तासाचा. ‘साफ केले की दात हलतात’ हे खोटं. किटणानेच हाड खाल्लेलं असतं आणि ते किटणच दातांना सिमेंटसारखं धरून असतं. ते काढलं की फट जाणवते आणि डॉक्टरवर बिल फाटतं. पैशांचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. वेळ जातो, पण काम तपासून होतं.

गंमत अशी, की सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हिरडी फिकी आणि ‘ठणठणीत’ दिसते, आत हाड उतरत असतं. त्यामुळे ‘माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही’ हे वाक्य कोण म्हणतंय त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

दुसरी गोष्ट, वास. सकाळी, उपासाच्या दिवशी, कांदा-लसूण खाल्ल्यावर येणारा वास सगळ्यांचाच. तो सोडून द्यावा. भेटीगणिक येणारा वास बहुतेक वेळा पोटातून येत नाही, जिभेच्या मागच्या भागातून आणि हिरड्यांच्या खिशांतून, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या फटींतून येतो. तिथले जंतू प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सुटतात. आपल्या आजीची जिभली याला माउथवॉशपेक्षा जास्त उपयोगी. मागून पुढे पाच-सहा वेळा, हलक्या हाताने. ज्याला वास येतो त्याला स्वतःला कळत नाही, नाक सरावतं. मनगट चाटून दहा सेकंदांनी हुंगलं तर अंदाज येतो.

तिसरी गोष्ट माझ्या मते खरोखर थांबून विचारण्याची: सुपारी आणि तंबाखू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मावा, खर्रा, सुगंधी सुपारी हे सगळं जागच्या जागी आहे. बायकांतली मशेरी तर व्यसनात मोजलीच जात नाही; तव्यावर भाजलेली ती तंबाखूच. सुपारीतल्या ॲरेकोलिनने तोंडाच्या अस्तराखाली तंतू वाढत जातात, गाल आतून पांढरट आणि ताठ होतो, तोंड उघडणं कमी होतं. सुरुवातीची खूण म्हणजे तिखट सोसेनासं होणं. ‘मला तिखट चालत नाही’ हे कोल्हापूरकर म्हणाला तर जरा कान टवकारावेत. तपासायला साधन लागत नाही: स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील तर दवाखाना गाठावा. कॅफेत बोटं घालायला कशी सांगणार? सोपं आहे, पाणीपुरी खायला जावं. पुरी अख्खी तोंडात मावत नसेल, फोडून कडेने ढकलावी लागत असेल, तर प्रश्न विचारायची वेळ झाली. हे ताठलेलं अस्तर पूर्ववत होत नाही आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. दात मात्र या माणसाचे कधीकधी अगदी सरळ आणि देखणे असतात.

विचारायचं कसं, तर सरळ. ‘दात असे का?’ या प्रश्नाने माणूस मिटतो. ‘सुपारी खातोस का? दिवसाला किती पुड्या?’ याला उत्तर मिळतं, आणि ‘कधीतरी’ असं आलं तर ‘आज किती?’ हा पुढचा प्रश्न. घरच्यांच्या देखत विचारू नये. तिथे खोटंच बोललं जातं.

मुलांना होईल का, याचं उत्तर तुकड्यातुकड्यांत आहे. फ्लोरोसिस वारशाने येत नाही, पाणी बदललं की पुढची पिढी सुटते. पुढे आलेला खालचा जबडा मात्र घराण्यात चालतो. युरोपातल्या हाब्सबुर्ग राजघराण्याने नात्यातल्या नात्यात लग्नं करून तो इतका गडद केला, की स्पेनचा दुसरा चार्ल्स (१६६१–१७००) याला नीट चावताही येत नव्हतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे जबडे एकच असतात, हे कुणी बघत नाही. किडीचे जंतू बाळाकडे जातात ते बहुधा आईच्या तोंडातून, चमचा चाटून भरवताना. तेव्हा किडलेले दात लग्नाआधी नाही भरले तरी मूल व्हायच्या आधी भरावेत.

जुळलंच, आणि लग्नाला तीन महिने असतील, तर क्रम असा. आता लगेच एक्स-रे आणि तपासणी, दुखायच्या आत. मग साफसफाई, हिरड्या शांत व्हायला दोन-तीन आठवडे. मग हवं असेल तर घरी ब्लीच: दातांवर बसणाऱ्या ट्रेमधून १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, रात्री, दोन आठवडे. दात सळसळले तर एक दिवसाआड. ब्लीचने जुनी कॅप किंवा जुनं फिलिंग उजळत नाही, त्यामुळे पुढच्या दाताचं काँपोझिट ब्लीचनंतर दोन आठवड्यांनीच, नव्या रंगाला जुळवून. आणि ब्लीच संपल्यावर दोन दिवस चहा आणि हळदीचं जेवण टाळायचं. लग्नघरात हे सांगून बघा.

वाकडे दात तसेच राहू द्यावेत. तारा लग्नानंतरही लावता येतात, चाळिशीतही. हिरड्या धड असल्या की झालं. फक्त दोन वर्षांनी तारा निघाल्या म्हणजे काम संपलं असं नव्हे. दात जुन्या जागी परत जायला बघतात, म्हणून त्यांना जागेवर धरून ठेवणारा रात्रीचा रिटेनर पुढे अनेक वर्षं. तो गार पाण्यात धुवायचा, गरम पाण्यात वेडावाकडा होतो. आणि जेवताना काढून टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवायचा नाही, डबीतच ठेवायचा. टिश्यूतला रिटेनर खरकट्याबरोबर कचऱ्यात जातो आणि ते लक्षात येतं रात्री झोपताना.